भोगीच्या दिवशीचं गुलाबी पाणी

आमच्या जितेंद्रला देवाने तोंड दिलंय ते नुसतं जेवायला. "जितू, टँकरचा पाइप बदलून आणलास का?" विचारलं तर मान हलवतो. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते आपण ओळखायचं. बायको विचारते, "संध्याकाळी भात लावू की भाकऱ्या टाकू?" तर म्हणतो, "बघू." अरे, बघू काय? ताटात पडल्यावर बघणार का? माझी सून रीमा गरीब स्वभावाची, तिने दोन्ही करायची सवय लावून घेतली. मी नाही लावून घेतली. मी विचारते, परत विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या ताटात कालवण वाढत नाही.

लोक मला म्हणायचे, शकूबाय, मुलगा किती शांत गं तुझा! मीही मिरवायचे. त्याचे वडील भांडकुदळ होते, वेशीपर्यंत ऐकू जायचं. त्यामानाने हा थंड पाणी. माझं ते मिरवणं उतरलं त्र्याण्णव सालच्या जानेवारीत, भोगीच्या दिवशी.

आमचं घर मुंबईबाहेर, गोखिवऱ्याला. घरामागे केळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला विहीर. विहीर माझ्या सासऱ्यांनी खणलेली, मे महिन्यातही तिचा तळ कोणी पाहिलेला नाही. समोर आमच्याच भाऊबंदांचं भातशेत होतं, त्यात तीन इमारती उभ्या राहिल्या. बिल्डरने लोकांना गच्ची दिली, गेट दिलं, गेटावर नाव दिलं, पाणी द्यायचं तेवढं राहून गेलं. मग जितूने जुना टँकर घेतला. आमच्या विहिरीचं पाणी टँकरमध्ये भरायचं आणि सोसायटीच्या टाकीत सोडायचं, हा धंदा. प्यायचं पाणी भरून न्यायला विहिरीपाशीही एक लहान टाकी बांधली होती, तिला एक नळ. टँकर चालवायला आणि पंप बघायला दस्तगीर.

दस्तगीर जवळच्याच सोपाऱ्याचा. त्याचा बाप आणि आमचे मालक, म्हणजे जितूचे वडील, एका मिठागरात कामाला होते, एकमेकांच्या डब्यातलं खायचे. पंपाच्या खोलीला लागून आम्ही एक खोली काढून दिली होती, तिथे दस्तगीर, त्याची बायको बिल्किस आणि त्यांची तान्ही मुलगी राहायची. तो मला आई म्हणायचा. माझ्याकडून शिव्याही आईकडून खाव्यात तशाच खायचा, हसत हसत.

आता विहिरीचा नेम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. सासऱ्यांच्या वेळी गावात पटकी आली होती. घरागणिक माणूस जात होता. तेव्हा दवाखान्यातल्या माणसाने आमच्या विहिरीत जांभळे खडे टाकले. बारीक असतात, साखरेच्या दाण्याएवढे, पण पाण्यात पडले की पाणी गुलाबी होतं आणि त्यातले किडे मरतात. आमच्या घरातलं त्या साथीत कोणी गेलं नाही. तेव्हापासून दर वर्षी भोगीच्या पहाटे घरातल्या कर्त्या पुरुषाने विहिरीत ते खडे टाकायचे, आणि टाकून झाले की विहिरीची बादली काठावर पालथी घालायची. पालथी बादली दिसली की त्या दिवशी कोणी पाणी काढायचं नाही. संक्रांतीला रंग उतरला की बादली सुलटी. यात कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही. सासरे म्हणायचे, विहिरीला औषध दिलं म्हणून ओरडत सुटलात तर लोकांना वाटेल विहीरच आजारी आहे.

मालक गेल्यावर हा नेम जितूकडे आला. त्याला तो फार मानवला. बोलायचं नव्हतं ना त्यात.

त्याच्या आदल्याच डिसेंबरात अयोध्येत मशीद पाडली आणि मुंबई पेटली. जरा शांत होतेय असं वाटलं तोवर जानेवारीत पुन्हा पेटली. आमच्या गावात काही झालं नव्हतं, हे मी देवाची शपथ घेऊन सांगते, पण गाव जीव मुठीत धरून होतं. मुंबईहून जो येई तो काहीतरी घेऊन येई. कोणी पाहिलेलं सांगे, कोणी ऐकलेलं सांगे, आणि ऐकलेलं सांगणाऱ्याचा आवाज जास्त मोठा असे. दुधात विष घातलं. पावात काचा घातल्या. खाडीतून होड्या भरून माणसं येणार आहेत. सोसायटीतले पुरुष कचेऱ्या बंद म्हणून घरी. हाताला काम नाही, डोक्याला नुसती भीती. गच्चीवर दगड चढवले होते. बायकांनी उशाशी तिखटाच्या पुड्या ठेवल्या होत्या. मी हसायचे त्यांना, पण मीही कोयता अंथरुणाखाली घेऊन झोपत होते. कुत्रं भुंकलं की हात कोयत्याकडे जायचा.

सोसायटीचा सेक्रेटरी रामनाथ. देशावरचा माणूस, मुंबईत कचेरीत मोठा कारकून, शर्टाला कडक इस्त्री. एक दिवस माझ्या ओटीवर येऊन बसला.

"मावशी, लोकांच्या मनात शंका आहे. तुमच्या विहिरीच्या टाकीवर एकच नळ. आमच्या इमारतीतल्या बायका प्यायचं पाणी तिथून नेतात, आणि मागच्या चाळीतली माणसंही तिथेच भांडी लावतात. दोन नळ करा. आमचा वेगळा, त्यांचा वेगळा."

मागच्या चाळीत कारखान्यात काम करणारी माणसं, त्यात मुसलमानांची घरं बरीच. मी म्हटलं, "पानी एकाच विहिरीचं. वेगळं ते काय होनार?"

"मनाला बरं वाटतं."

"मनाला बरं वाटायला देवळात जा. माझ्या टाकीला भोक पाडायचं नाय."

तो गेला. मला वाटलं संपलं. पण मी बहिणीकडे राजोडीला चार दिवस गेले, आणि परत येऊन बघते तर टाकीला दोन नळ. एकाला पांढरा ऑइलपेंट दिलेला, झळझळीत. दुसरा तसाच, गंजलेला. जितूला विचारलं, "तू हो म्हटलंस?" त्याने मान हलवली. "तोंडानं सांग." तर म्हणाला, "ते आले, मी बघू म्हटलं."

त्याच दिवशी संध्याकाळी लुईस आला. लुईस आमच्या शेजारच्या वाडीतला, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होता, आता केळी लावतो आणि गुडघे चोळतो. तो विहिरीवर गेला आणि त्या दोन नळांसमोर उभाच राहिला. मी ओरडले, "काय रे, देऊळ हाय का ते?"

तो येऊन पायरीवर बसला. म्हणाला, "शकूबाय, हे मी बघितलंय."

"कुठं?"

"अमेरिकेत. मी पोरगा होतो तेव्हा. बोट दक्षिनेच्या एका बंदराला लागली. ऊन काय विचारू नको. धक्क्यावर दोन नळ शेजारी शेजारी, वर पाट्या. एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. खाली वाकून बघितलं तर भिंतीतून पाइप एकच आलेला."

"मग तू कुठल्यातून प्यायलास?"

"तीच तर पंचाईत! मी गोरा नाय, त्यांच्यातला काळा पन नाय. गोऱ्यांच्या नळाला हात लावावा तर पोलीस दांडा घेऊन बघतोय. दुसऱ्याला लावावा तर तिथली मानसं बघतायत, हा कोन आला म्हनून. मला एवढी भीती वाटली, शकूबाय, की मी तहानेला परत बोटीवर गेलो."

मी हसले. तो हसला नाही.

"मग पुष्कळ वर्षांनी बाल्टिमोरला लागलो. तिथल्या काळ्यांच्या मोठ्या पुढाऱ्याला कोनी गोळी घातली होती. बोटीवरून शहर दिसत होतं. इकडं धूर, तिकडं धूर. धक्क्यावर सोल्जर. कप्तानानं कोनाला उतरू दिलं नाय. आमच्या बोटीवर एक काळा मानूस होता, माझ्याबरोबर भटारखान्यात. त्याची बहीन त्या शहरात राहायची. तो कठड्याला धरून उभा, आनि प्रत्येक धुराकडं बघून म्हनायचा, हा तिच्या गल्लीचा नसंल, हा पन नसंल. मी त्याला चहा दिला. त्यानं तो हातातच धरून ठेवला, गार होईस्तोवर."

"लुईस, तुझी अमेरिका तुझ्याकडं ठेव," मी म्हटलं. "दिवेलागनीच्या वेळी असलं बोलू नये."

"नाय बोलत. पन तो पांढरा नळ काढ, बाय. मला त्याच्याकडं बघवत नाय."

मी जितूला म्हटलं, उद्याच्या उद्या नळ काढ. त्याने मान हलवली. नळ तिथेच राहिला.

मग भोगी आली.

सकाळी मी चुलीपुढे बसून बाजरीच्या भाकऱ्यांना तीळ लावत होते. रीमाने भोगीच्या भाजीला वाटाणे, वांगी, गाजरं चिरून ठेवली होती. तेवढ्यात मागच्या दारातून बिल्किस आत आली. कधी विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही, त्या दिवशी सरळ चुलीपर्यंत आली. पोरगी छातीशी एवढी आवळलेली की मला वाटलं गुदमरेल.

"आई, हिला घ्या. घरात ठेवा. त्यांनी ह्यांना धरलंय."

"कोनी?"

तिने मागे विहिरीच्या दिशेला हात केला. पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी पोर रीमाकडे दिलं, दाराला कडी लावायला सांगितली आणि वाडीतून विहिरीकडे निघाले. धावले म्हणणार नाही, मला धावता येत नाही. पण केळीची पानं तोंडावर आपटत होती ते कळत नव्हतं.

विहिरीपाशी सोसायटीतले सगळे पुरुष होते. ज्यांना मी रोज दूध आणायला जाताना बघते, पोरांना शाळेच्या रिक्षात बसवताना बघते, तेच. त्यांच्या हातात काय काय होतं! कोणाकडे क्रिकेटची बॅट, कोणाकडे पडद्याची सळई. एकाकडे खरीखुरी लोखंडी पहार होती. ते चेहरे ओळखीचे होते म्हणून मला जास्त भीती वाटली. दस्तगीरला त्यांनी त्या दोन नळांमध्ये खाली बसवलं होतं. त्याचा ओठ फुटला होता. रामनाथच्या हातात काचेची बाटली, त्यात गुलाबी पाणी. सरबतासारखं, पण जास्त गडद.

"मावशी, तुम्ही घरात जा," रामनाथ म्हणाला.

"माझ्या विहिरीवरून मला घरात पाठवतोस? काय झालंय?"

"हे आमच्या नळाला आलं. सगळ्या घरांत. याने सकाळी टँकर सोडला, आणि अर्ध्या तासात हे. बायका पोरांना ओकाऱ्या काढायला लावतायत."

"आई, मी नेहमीसारखा पंप चालू केला," दस्तगीर म्हणाला. "मला रंग दिसलाच नाय. पाइपातनं सरळ टँकरमध्ये..."

"गप रे!" पहारवाला ओरडला.

मी वळून विहिरीकडे पाहिलं. काठावर बादली पालथी होती.

तेव्हा मला सगळं दिसलं, जणू कोणी वाचून दाखवावं. जितूने पहाटे नेम केला. बादली पालथी घातली, आज्याने घातली, बापाने घातली तशी. पण आता बादलीने पाणी काढतो कोण? दस्तगीर पंपाच्या खोलीत जाऊन बटण दाबतो, विहिरीकडे बघत पण नाही. त्याला एक शब्द तोंडाने सांगायचा होता. जितू तो शब्द बोलला नव्हता. आणि रंग! एवढा गडद रंग मी माझ्या लग्नापासून पाहिला नव्हता. पाण्यात विष घालतायत असं सगळीकडे ऐकून हा घाबरला असणार, आणि चिमटीऐवजी मूठ भरून टाकले असणार. आधीच्या वर्षी चिमटीचा रंग टँकरच्या पाण्यात कोणाला कळलाही नव्हता.

"अरे, हे औषध हाय!" मी ओरडले. "जांभळे खडे. आमच्या घरचा नेम हाय, दर भोगीला टाकतो."

मागून एक तरुण मुलगा म्हणाला, "काका, मला पण तसंच वाटतंय. आमच्या लॅबमध्ये असायचं असं."

"वाटतंय? मग तुझ्या पोराला पाज ग्लासभर," दुसऱ्याने त्याला झापलं, आणि तो मागे सरला.

इतक्यात दोघेजण दस्तगीरच्या खोलीला लागून असलेल्या पंपाच्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात आमचा चहाचा जुना पत्र्याचा डबा. तो आमच्याच घरचा, पण ठेवायची जागा पंपाच्या खोलीतली फळी. झाकण उघडलं आणि सगळ्यांनी वाकून आत पाहिलं. जांभळं. गर्दीतून एक आवाज आला. तसा आवाज मी फक्त ढोरांच्या गोठ्यात ऐकलाय, साप निघाल्यावर.

"याच्या खोलीत मिळाला."

"डबा आमचा हाय! खडे माझ्या मुलानं टाकलेत!"

रामनाथ माझ्याकडे वळला. त्याचा आवाज शांत होता, आणि कपाळावर घाम होता. "मावशी, मी आधी जितेंद्रलाच विचारलं. तुमच्या पुढच्या दारात जाऊन. पाण्यात काही टाकलंय का म्हणून. तो म्हणाला, मला माहीत नाही."

मी विहिरीचा काठ धरला.

"तुम्ही याला लेकरासारखं सांभाळलंय," रामनाथ म्हणाला, "तुम्ही तर म्हणणारच. म्हणून म्हणतो, घरात जा. तुमच्या डोळ्यांसमोर नको."

काय नको, ते तो बोलला नाही. पहारवाल्याने पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दस्तगीर माझ्याकडे बघत होता. मला लुईसचा तो बोटीवरचा माणूस आठवला, आणि वाटलं, आता आपलीच गल्ली.

"थांबा," मी म्हटलं. "मी येते तोवर कोनी हात लावाल तर या विहिरीत उडी टाकीन, आनि मग प्या माझं पानी जन्मभर."

हे मी भीतीने बोलले. पण ते थांबले. म्हाताऱ्या बाईच्या मरणाचं पाणी कोणालाच नको असतं.

घरी आले तर बिल्किस तशीच भिंतीला, रीमा पोराला थोपटतेय. "जितू कुठाय?" रीमाने मोरीकडे बोट केलं.

मोरीत तो उकिडवा बसला होता. समोर तांब्या, कापलेलं लिंबू, मीठ. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत होता. ते खडे हाताला लागले की डाग पडतो, काळपट तपकिरी, साबणाने जात नाही, दिवसेंदिवस राहतो. केळीच्या चिकासारखा. आणि केळीच्या चिकाला आमच्याकडे काय लावतात, हे त्याला मीच लहानपणी शिकवलं होतं. अंगठा साफ झाला होता. पहिलं बोटही जवळजवळ साफ झालं होतं.

बाहेर एका माणसाचा जीव त्या डागावर टांगलेला होता, आणि हा तो डाग धुवत होता.

"ऊठ."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"ऊठ म्हनते!"

"ते ऐकायच्या मनःस्थितीत नाहीयेत गं! मी टाकलं म्हटलं तर मलाच मारतील. म्हणतील मी त्यांना सामील आहे. आपल्याला इथेच राहायचंय, रीमा आहे, तू आहेस. थोड्या वेळाने पोलीस येतील, तेव्हा सांगू. बघू."

बघू! मी त्याचं मनगट धरलं. तो चाळिशीचा पुरुष, मी काय त्याला ओढणार? तो हलेना. त्याची नाडी माझ्या बोटांखाली सशासारखी उडत होती. मी त्याच्यापेक्षा कमी भ्याले नव्हते. मला वाटलं, हा असाच बसला, तर मी काय करू?

तेव्हा रीमा आली. तिने पोर बिल्किसच्या मांडीवर ठेवलं होतं. ती वाकली, लिंबाच्या फोडी उचलून मोरीच्या खिडकीतून बाहेर फेकल्या आणि त्याचा दुसरा हात धरला. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी असं धरलं नसेल. जितू तिच्याकडे बघतच राहिला. आणि उठला.

दोघींनी त्याला वाडीतून नेलं. विहिरीपाशी पोचलो तेव्हा गर्दी अजून पुढे सरकली होती, दस्तगीरचा सदरा फाटला होता. मी जितूचा हात वर धरला. माझा खांदा दुखत होता, तरी जितका जाईल तितका वर धरला.

"बघा! तीन बोटं बघा, नखं बघा. तो डबा उघडा, चिमूट ओल्या हातावर घ्या, कसा डाग पडतो तो बघा. आनि मग दस्तगीरचे हात बघा. ग्रीस हाय, काळं हाय, पन हा डाग कुठाय?"

कोणी पुढे होईना. मग तो मघाचा लॅबवाला मुलगा आला. त्याने चिमूटभर खडे घेतले, ओल्या तळहातावर ठेवले, चोळले. सगळे त्याच्या हाताकडे बघत राहिले. आधी जांभळा, मग हळूहळू तपकिरी. त्याने तो हात जितूच्या हाताशेजारी धरला.

रामनाथने विचारलं, "जितेंद्र, तुम्ही टाकलंत?"

जितूने मान हलवली.

"तोंडानं!" मी ओरडले.

"मी टाकले," जितू म्हणाला. "पहाटे. औषध आहे. दस्तगीरला सांगायचं राहिलं."

एवढंच. सात-आठ शब्दांचं काम. पहार खाली आली. कोणीतरी हसलं, ते हसू भीतीचंच होतं, ओकारीसारखं बाहेर पडलं. एकजण दस्तगीरला म्हणाला, "बघून चालवायचं ना, भाई." जणू त्याने कुणाच्या सायकलला धक्का दिला होता. रामनाथने बाटली रिकामी केली, माझ्याकडे न बघता शर्ट नीट केला, आणि सगळे गेले. माफ करा म्हणून कोणी बोललं नाही. पोरांना भूक लागली असेल, असं कोणीतरी बोललं तेवढं ऐकू आलं.

दस्तगीर राहिला नाही. मी राहा म्हटलं, रीमाने राहा म्हटलं. तो म्हणाला, "आई, रात्र काढता येनार नाय." खरं होतं. मलाही त्याला थांबवायचा धीर नव्हता. त्यांना सोपाऱ्याला पोचवायला लुईसने त्याच्या पुतण्याचा केळीचा टेम्पो आणला. बिल्किस आणि पोरगी मागे केळीच्या पानांखाली बसल्या. लुईस पुढे बसला आणि गळ्यातला क्रूस सदऱ्यातून बाहेर काढून छातीवर नीट दिसेल असा ठेवला. मला म्हणाला, "या खेपेला तहानेला परत यायचं नाय, शकूबाय."

दस्तगीरने पंपाच्या खोलीची किल्ली जितूला नाही दिली, माझ्या हातात दिली. मग विहिरीच्या काठाकडे बघितलं. "आई, ती बादली पालथी होती. मी बघितलीच नाय. माझी चूक झाली." फुटलेल्या ओठाने तो मला हे सांगत होता. मी त्याच्या हातात तीळ लावलेल्या भाकऱ्यांचं फडकं दिलं.

अंधार पडायच्या आत लुईस परत आला. पोचले, म्हणाला. मग माझ्या ओटीवर बसून तांब्याभर पाणी प्याला.

भाजी चुलीवर तशीच राहिली होती. रीमाने पानं घेतली. जितू पानावर बसला, पण हात पुढे करेना. ती तीन बोटं मिटून मांडीखाली धरली होती. मग स्वतःहून बोलला, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता.

"आई, सगळ्यांसमोर माझा हात असा वर धरलास. मी काय चोर आहे?"

मी त्याच्या पानात भाजी वाढली. विचारलेल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कधी वाढत नाही, पण त्या दिवशी उत्तर मला द्यायचं होतं. मी पळी खाली ठेवली आणि म्हटलं:

"भ्यालास म्हनून मी तुला बोलनार नाय, जितू. मी पन भ्याले, लुईस पन भ्याला, तो रामनाथ तर आपल्याहून जास्त भ्याला होता. पन तू लिंबू घेऊन बसलास. बाहेर तो तुझ्या वाटचा मार खात होता, आनि तू बोटं चोळत होतास. उद्या संक्रांत. सकाळी उठून पहिला तो पांढरा नळ तू स्वतःच्या हातानं उपटायचा, रामनाथ बघत असला तर त्याच्यासमोर. मग सोपाऱ्याला जायचं, दस्तगीरच्या दारात उभं राहायचं, आनि मान न हलवता बोलायचं. तो आला तर त्याचं मोठेपन, नाय आला तर पंप तू चालवायचा. आनि या विहिरीला औषध द्यायचा मान तुझा संपला. बापाचा होता, आज्याचा होता, तुझा नाय. पुढच्या भोगीला खडे रीमा टाकील. आनि टाकताना दारोदार जाऊन ओरडून सांगील. आता जेव. त्याच हातानं जेव."